कीटकांच्या डब्यामागचं शास्त्र शिकवणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार ताई,

ब्रिटनमधल्या ज्या मराठी घरांत बिअर्डेड ड्रॅगन नावाच्या सरड्याचं पिल्लू आलं, त्यांना प्राण्यांच्या दवाखान्याच्या धबडग्यातून वेळ काढून तुम्ही जे समजावत आलात, त्याबद्दल हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण पुढच्या घरालाही ते लागणारच आहे. दुकानात जिवंत खाद्याच्या फळीवर रातकिडे, टोळ, झुरळं, अळ्या यांचे डबे ओळीने मांडलेले असतात. दोन महिन्यांच्या पिल्लाला त्यातलं काय चालतं, हे डब्यावरून कळत नाही. ते तुम्ही सांगितलंत, आणि प्रत्येक वेळी कारणासकट सांगितलंत.

पहिले आभार एका स्पष्ट उत्तराबद्दल. आपल्याकडच्या शाकाहारी घरांतून हमखास येणारा प्रश्न असतो, ‘नुसत्या भाजीपाल्यावर नाही का जगणार?’ तुम्ही कुणाच्या श्रद्धेला धक्का न लावता सांगता, की मोठा झाल्यावर याच्या ताटात पालाच जास्त असेल. पण वाढीच्या वयात सुमारे तीन चतुर्थांश आहार कीटकांचाच हवा. घरात किडे ठेवणं जमणार नसेल तर पिल्लू आणूच नये. हे आधीच ऐकायला मिळाल्यामुळे एखादं पिल्लू उपासमारीतून वाचत असेल, तर ते श्रेय तुमचं.

मग तुमचा मापाचा नियम. पिल्लाच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याहून किडा मोठा नको. अंडं फोडून आलेलं पिल्लू शेपटीसकट जेमतेम दहा सेंटीमीटर असतं. त्याला पाच-सहा मिलिमीटरचे रातकिडे पुरे. दोन-तीन महिन्यांचं झालं की एक सेंटीमीटरच्या आसपास. ड्रॅगन घास चावून बारीक करत नाही, दोनदा दाबतो आणि गिळतो. मोठा किडा मग तसाच पोटात जातो, उलटून पडतो किंवा आतड्यात अडकतो. डब्यावरच्या ‘स्मॉल’, ‘मीडियम’वर विसंबू नका, एक किडा बाहेर काढून डोक्याशेजारी धरून बघा, हा तुमचा आग्रह आता आम्हीही इतरांना करतो.

मीलवर्मच्या बाबतीत तुम्ही ठाम राहिलात, ते बरं झालं. स्वस्त, न उडणारी, न ओरडणारी अळी. नवख्या माणसाचा हात आधी तिच्याकडेच जातो. पण अंगाच्या मानाने तिचं कवच जाड आणि मांस कमी. पिंजऱ्यात ऊब कमी असेल तर पिल्लाला ते पचत नाही, आणि पोट बांधून बसतं. मोरिओ अळी याच कारणाने मोठ्या वयासाठी ठेवायची. मात्र ती सरड्याचं पोट आतून कुरतडते ही निव्वळ अफवा आहे, हेही तुम्ही तितक्याच ठामपणे सांगता. वॅक्सवर्म चरबीने भरलेली असते. एकदा चटक लागली की पिल्लू बाकी काही तोंडात घेत नाही, म्हणून ती आजारातून उठलेल्या, वजन घटलेल्या पिल्लापुरतीच.

रोजच्या जेवणाला तुमची पसंती छोटे टोळ आणि तपकिरी रातकिडे. टोळ संथ असतो, पिल्लाला पकडता येतो आणि मागे राहिला तरी सहसा चावत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांना हा सल्ला जसाच्या तसा देऊ नका, तिथे खाद्य म्हणून टोळ विकायला परवानगी नाही, हेही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. तिथे डुबिया झुरळं मिळतात. कॅनडात तीही चालत नाहीत. आणि ही झुरळं म्हणजे आपल्या मोरीतली नव्हेत. मोरीतलं झुरळ कुठल्या औषधावरून चालत आलंय, कोण जाणे.

आता कॅल्शियम. तुमच्या शिकवणीतला हा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. रातकिड्याच्या अंगात कॅल्शियमच्या कितीतरी पट, साधारण सात ते नऊ पट, फॉस्फरस असतं. सरड्याला हवं नेमकं उलट, म्हणजे दीड ते दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. नुसत्या रातकिड्यांवर वाढणारं पिल्लू पोटभर खातं, टुणटुणीत दिसतं, आणि शरीर मात्र रक्तातलं कॅल्शियम सांभाळण्यासाठी हाडं पोखरत असतं. मग पायाची बोटं थरथरतात, खालचा जबडा मऊ पडतो, पुढचे पाय वाकतात. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

यावर तुमचे उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. पहिला, किड्याचं पोट भरणं. विकत आणलेला रातकिडा अनेकदा उपाशीच असतो; तो तसाच दिला तर पिल्लाला रिकामं टरफल दिल्यासारखं. देण्याआधी 24 ते 48 तास त्याला गाजर, लाल भोपळा, मोहरीचा किंवा डँडेलियनचा पाला आणि किड्यांसाठी मिळणारं कॅल्शियमयुक्त खाद्य द्यायचं. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. पाण्याची वाटी नको, त्यात ते बुडून मरतात. ओलं गाजर पुरतं. दुसरा उपाय पुडीचा. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पूड चिमूटभर डब्यात घ्यायची, एका जेवणाचे किडे टाकायचे आणि हलक्या हाताने हलवायचं. शंकरपाळ्यावर पिठीसाखर बसावी इतपतच थर हवा. किडा पांढराफटक झाला तर पिल्लू तोंड फिरवतं. वाढत्या पिल्लाला दिवसातून एका जेवणाला ही पूड, आणि आठवड्यातून एक-दोनदा तिच्याऐवजी जीवनसत्त्वांची. लगेच खायला घालायचं, कारण रातकिडा स्वतःचं अंग चाटूनपुसून साफ करतो. तासाभराने टाकलेल्या किड्यावर पूड उरलेली नसते.

आणि हे सगळं यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणाऱ्या, दिव्याशिवाय वाया. कातडीवर यूव्हीबी पडल्याशिवाय जीवनसत्त्व डी3 बनत नाही, डी3 शिवाय आतडं कॅल्शियम पुरेसं शोषत नाही. खिडकीतलं ऊन यात धरू नका, काच यूव्हीबी अडवते. शेकायच्या जागेचा पृष्ठभाग 40 अंशांच्या आसपास हवा, नाहीतर सुरक्षित किडाही नीट पचत नाही. म्हणून दिवे लागल्यावर तासाभराने पहिलं जेवण, आणि शेवटचं दिवे मालवायच्या निदान दोन तास आधी.

सोल्जर फ्लायच्या अळीची, म्हणजे कॅल्सी वर्मची, ओळख तुम्हीच करून दिलीत. तिच्यात कॅल्शियम मुळातच फॉस्फरसहून जास्त, त्यामुळे पूड लागत नाही. कधीकधी ती अख्खीच विष्ठेतून बाहेर पडते. देताना टाचणीने एक भोक पाडलं की पचते, ही तुमची युक्ती साधी आणि अचूक. डबा फ्रिजमध्ये नाही, घरातल्या थंड कोपऱ्यात. काळ्या पडलेल्या अळ्या लवकरच माशी होणार, त्या निवडून काढायच्या.

जेवणाची वेळही तुम्ही बांधून दिलीत. दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटांत जेवढं खाईल तेवढं. उरलेले रातकिडे मोजून बाहेर काढायचे. रात्री ते झोपलेल्या पिल्लाच्या पापण्या आणि शेपटीचं टोक कुरतडतात. काढलेले किडे मूळ डब्यात परत टाकायचे नाहीत, कारण ते विष्ठेवरून फिरलेले असतात आणि कॉक्सिडिया, पिनवर्मसारखे परजीवी तिथूनच पुन्हा पिल्लाच्या पोटात जातात. औषध देऊनही पुन्हा पुन्हा जुलाब का होतात, याचं उत्तर पुष्कळदा या एका सवयीत असतं.

बागेतले किडे का नकोत, हे मुलांना पटवणं अवघड होतं, ते तुम्ही काजव्याच्या उदाहरणाने सोपं केलंत. भंडारदऱ्याचे काजवे पाहून आलेल्या मुलांना काजवा म्हणजे निरुपद्रवी दिवाच वाटतो. पण अमेरिकन काजव्यांत ल्युसिबुफॅजिन नावाची विषं असतात, भेकाच्या कातडीतल्या विषाच्या जातीची, थेट हृदयावर परिणाम करणारी. काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या घटना कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस आयस्नर आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये नोंदवल्या. सरडा डोकं झटकतो, जबडा फाकवतो, काळा पडतो आणि दगावतो. एक काजवाही पुरतो. मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला हा प्राणी काजव्याला ओळखत नाही, म्हणून टाळतही नाही. ब्रिटनमधला ग्लो-वर्म याच कुळातला, तोही दूरच. टोमॅटोच्या झाडावरची हॉर्नवर्म अळी नको, ती झाडातली विषं पोटात घेऊन बसलेली असते. कृत्रिम खाद्यावर वाढवलेली चालते.

ताई, हे सगळं तुम्ही फीच्या वेळेपलीकडे, कधी आजी-आजोबांना फोनवर मराठीतून, न कंटाळता सांगितलंत. दर आठवड्याला वजन टिपायची तुमची सूचना आम्ही पाळतो. काटा दोन आठवडे थांबला तर विष्ठेचा ताजा नमुना घेऊन दवाखान्यात येतो. मनापासून आभार.

आपली,
ब्रिटनमधली बिअर्डेड ड्रॅगन पाळणारी मराठी कुटुंबं