हेज्ड की अनहेज्ड : पर्थच्या मित्रास पत्र

मेलबर्न,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

तुझा फोन आला तेव्हा मी ट्रॅममध्ये उभा होतो, आणि ‘व्हीजीएस घेऊ की व्हीजीएडी’ (म्हणजे परदेशी शेअर्सचा अनहेज्ड, चलनाचा धोका तसाच ठेवणारा फंड, की हेज्ड, तो धोका झाकणारा फंड) या प्रश्नाचे उत्तर दोन थांब्यांच्या अंतरात देण्यासारखे नव्हते. ऐंशी हजार डॉलर ही तुम्हा दोघांची सहा-सात वर्षांची शिल्लक आहे. तेव्हा फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा सविस्तर लिहिलेले बरे, असे मनात आले.

तुझे म्हणणे मला समजले ते असे. ऑस्ट्रेलियन डॉलर सध्या अमेरिकेच्या पासष्ट सेंटच्या आसपास आहे, म्हणजे स्वस्त आहे. आज ना उद्या तो वधारेल, आणि वधारला की परदेशी शेअर्सची आपल्या डॉलरमधील किंमत घटेल. म्हणून चलनाचा धोका झाकलेला व्हीजीएडी घ्यावा. या तर्कात खोट नाही. पण तो सगळा पुढचा भाव ओळखता येण्यावर उभा आहे, आणि त्या खेळात मी एकदा नव्हे, दोनदा हात पोळून घेतले आहेत. ते पुढे सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. दोन्ही फंड सिडनीच्या शेअर बाजारात ऑस्ट्रेलियन डॉलरमध्येच मिळतात, म्हणून ‘व्हीजीएसमध्ये तरी चलनाचा धोका कुठे आला?’ असे तू विचारलेस. कॅलिफोर्नियाचे बदाम पुण्याच्या मार्केट यार्डात रुपयांतच विकले जातात. म्हणून अमेरिकन डॉलर वधारला तरी ते महाग होणार नाहीत, असे कोणी म्हणेल का? फंडाचा भाव कोणत्या चलनात लिहिला आहे याला अर्थ नाही, आतला माल कोठला आहे याला आहे. आणि माल दोन्हीकडे एकच आहे : ऑस्ट्रेलिया वगळून इतर विकसित देशांतील हजाराहून अधिक कंपन्या, त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या अमेरिकेचा. व्यवस्थापन शुल्क व्हीजीएसचे वर्षाला ०.१८ टक्के आणि व्हीजीएडीचे ०.२१ टक्के, म्हणजे तुझ्या रकमेवर वर्षाकाठी चोवीस डॉलरचा फरक. त्यावर डोके शिणवू नकोस.

खरा फरक वायद्याचा आहे. फॉरवर्ड म्हणजे आपला वायदाच. सांगलीच्या व्यापाऱ्याने घरात पडलेल्या हळदीचा पुढच्या महिन्याचा भाव आजच बांधून घ्यावा, तसा व्हीजीएडी आपल्याजवळच्या अमेरिकन डॉलर, युरो, येन यांचा पुढचा भाव ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आजच बांधून घेतो, आणि मुदत संपली की पुन्हा नवा वायदा करतो. येथे बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की तो बांधलेला भाव म्हणजे कोणा जाणकाराचा अंदाज नसतो; तो दोन देशांच्या व्याजदरांतील फरकातून निघतो. ज्या देशात व्याज जास्त, त्या देशाचे चलन वायद्यात आजच्यापेक्षा स्वस्त मिळते. मार्च २००८ मध्ये येथील रिझर्व्ह बँकेचा दर ७.२५ टक्के होता आणि अमेरिकेत फेडरल रिझर्व्हने आपला दर २.२५ टक्क्यांवर आणला होता; म्हणजे अमेरिकन भागापुरते बोलायचे तर नुसते हेज करून बसणाऱ्यालाही वर्षाला सुमारे पाच टक्के जास्तीचे मिळत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये येथे ४.३५ आणि तिकडे ५.२५ ते ५.५० टक्के झाले, आणि तेच हेज वर्षाला सुमारे एक टक्का पदरचे मागू लागले. आज, ऑक्टोबर २०२५ मध्ये, येथे ३.६० आणि तिकडे ४.०० ते ४.२५ टक्के आहेत, म्हणजे खर्च अर्ध्या टक्क्याच्या आसपास. येनच्या भागावर मात्र अजूनही मिळकतच आहे, कारण जपानचा दर अवघा अर्धा टक्का आहे. तेव्हा हेजिंग नेहमीच महाग किंवा नेहमीच फायद्याचे असे कोणी ठामपणे सांगू लागला, तर तो कोणत्या सालाविषयी बोलतो आहे ते आधी विचारावे.

आता माझी कथा. मी २००७ मध्ये येथे आलो. जुलै २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन डॉलर अठ्ठ्याण्णव सेंटपर्यंत चढला आणि कचेरीत चहाच्या वेळी ‘अमेरिकन डॉलरशी बरोबरी कधी होणार’ याशिवाय दुसरा विषय नव्हता. मीही वाहवलो आणि सुपरमधील, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातील, परदेशी शेअर्सचा सगळा भाग हेज्ड पर्यायात वळवला. तीन महिन्यांत आपला डॉलर साठ सेंटांवर आला. त्या एका वर्षात अमेरिकन शेअर्सचा निर्देशांक एसअँडपी ५०० सुमारे ३८ टक्के घसरला. पण वर्षारंभी ८८ सेंटला असलेला आपला डॉलर वर्षअखेरीस ७० सेंटवर आल्यामुळे, ज्यांनी हेज केले नव्हते त्यांचे आपल्या चलनातील नुकसान सुमारे २३ टक्क्यांवर थांबले. माझे थांबले नाही. शिवाय चलन असे कोसळते तेव्हा हेज्ड फंडाला वायद्यांवरील तोटा रोख भरावा लागतो, आणि ती रोकड पडत्या भावात शेअर विकूनच उभी करावी लागते. हेज म्हणजे कुंपण. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते मी त्या वर्षी डोळ्यांनी पाहिले.

इथवर दोष दैवाला देता आला असता. पण मार्च २००९ मध्ये, डॉलर चौसष्टच्या आसपास असताना, मी चिडून सगळे पुन्हा अनहेज्डमध्ये नेले. त्यानंतर जगभरचे शेअर चढले, पण आपला डॉलरही जवळजवळ तेवढ्याच जोरात चढला आणि जुलै २०११ मध्ये तो एक अमेरिकन डॉलर दहा सेंटांवर जाऊन पोहोचला. बाजाराची चढण माझ्या खात्यात जवळजवळ उतरलीच नाही. दोन्ही पर्याय आपापल्या परीने ठीक होते. त्यांच्यामध्ये उड्या मारणारा मी तेवढा मूर्ख ठरलो. म्हणून माझी पहिली अट अशी की जे घेशील ते दहा-पंधरा वर्षे बदलायचे नाही. आणि ‘डॉलर सध्या स्वस्त आहे’ हे कारण पुढे करून घेतलेला फंड डॉलर महाग झाल्यावर बदलावासा वाटणारच.

मग निवड कशावर करायची? माझ्या मते दोनच प्रश्न विचारावेत. जगाचे वाईट चालले असताना आपले चलन काय करते? आणि हे पैसे शेवटी कोणत्या चलनात खर्च होणार आहेत?

पहिल्याचे उत्तर ऑस्ट्रेलियात बरेच स्पष्ट आहे. हा देश लोहखनिज, कोळसा आणि वायू विकून जगतो, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन आहे. जगाचे व्यवहार थंडावण्याची भीती पसरली की खनिजांचे भाव पडतात, पैसा अमेरिकन डॉलर, येन आणि स्विस फ्रँक यांच्या आसऱ्याला जातो आणि आपला डॉलर घसरतो. २००१ मध्ये तो ४८ सेंटच्या खाली गेला, ऑक्टोबर २००८ मध्ये साठपर्यंत आला, मार्च २०२० मध्ये पंचावन्नपर्यंत. अर्थतज्ज्ञ जॉन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ ते २००५ या काळाचा अभ्यास करून २०१० मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातही हेच दिसले : ऑस्ट्रेलियन आणि कॅनेडियन डॉलर जगातील शेअर बाजारांबरोबर चढतात-पडतात, तर अमेरिकन डॉलर, युरो आणि फ्रँक त्यांच्या उलट चालतात. म्हणजे झुरिकमधल्या माणसाला हेज करणे ज्या कारणासाठी शहाणपणाचे ठरते, नेमक्या त्याच कारणासाठी पर्थमधल्या माणसाने ते बेताने करावे. अनहेज्ड फंडातील परकीय चलन आपल्यासाठी पडत्या काळातला धक्का शोषून घेते. हमी मात्र नाही. या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या आयातशुल्कांनी बाजार हादरले तेव्हा आपला डॉलर साठच्या खाली गेला खरा, पण अमेरिकन डॉलर स्वतःच युरो आणि फ्रँकपुढे नरमला होता; तो ज्या सहजतेने आजवर आसरा ठरला तसा पुढेही ठरेल, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

तुझ्या बाबतीत हा मुद्दा आणखी धारदार होतो. तुझी नोकरी लोहखनिजाच्या कंपनीत, घर पर्थमध्ये, गृहकर्जही तेथलेच. डिसेंबर २०१५ मध्ये लोहखनिज टनाला चाळीस अमेरिकन डॉलरच्या खाली गेले, पुढच्याच महिन्यात आपला डॉलर सत्तर सेंटच्या खाली होता, आणि पर्थमधील घरांच्या किमती तर कितीतरी वर्षे उतरतच राहिल्या. तशी वेळ पुन्हा आली तर तुझा पगार, घर आणि चलन या तिन्हींवर एकदमच सावली पडेल. त्या दिवशी निदान या ऐंशी हजारांनी तरी वेगळ्या दिशेला चालावे, की तेही ऑस्ट्रेलियन डॉलरलाच बांधून ठेवावेत?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तू फोन ठेवता ठेवता स्वतःच देऊन गेलास, बहुधा तुझ्याही लक्षात आले नसेल. साठीनंतर साताऱ्याला परतायचे म्हणालास. म्हणजे हे पैसे अखेर रुपयांत खर्च होणार. व्हीजीएडी परदेशी शेअर्सचा हिशेब ऑस्ट्रेलियन डॉलरशी बांधतो, रुपयाशी नव्हे. तो घेतलास तर परदेशी चलनांचा धोका जातो आणि त्याच्या जागी ऑस्ट्रेलियन डॉलर व रुपया यांच्यातला धोका येऊन बसतो. जानेवारी २०२० मध्ये एका ऑस्ट्रेलियन डॉलरचे सुमारे ४९ रुपये येत होते, मार्चमध्ये ४३-४४ च्या आसपास आले. अमेरिकन डॉलर मात्र त्याच काळात ७१ वरून ७५ च्या वर गेला. त्या मार्चमध्ये साताऱ्यात घर बांधायला काढलेल्या माणसाला हेज्ड फंडाने शेअर आणि चलन असा दुहेरी फटका दिला असता, आणि वर माहितीपत्रकात ‘चलनाचा धोका कमी केलेला’ असे लिहिलेलेही दाखवले असते.

कराविषयी थोडक्यात. ज्या वर्षी आपला डॉलर चढतो त्या वर्षी हेज्ड फंडाचा वायद्यांवरील नफा बहुधा वाटप म्हणून तुझ्या हाती येतो, आणि त्यावर त्याच वर्षी तुझ्या दराने कर लागतो, मग तुला ते पैसे तेव्हा हवे असोत वा नसोत. उलट डॉलर पडला तर काही वेळा वाटप आटते. अनहेज्डमध्ये चलनाचा नफा बहुतांशी युनिट विकेपर्यंत आतच राहतो, आणि बारा महिन्यांनंतर विकल्यास भांडवली नफ्यावर पन्नास टक्के सूट मिळते. सुपरमध्ये कराचा दर १५ टक्के असल्याने हा मुद्दा तेथे फारसा बोचत नाही. परतण्याच्या वेळच्या करनिवासाचा, म्हणजे तू कोणत्या देशाचा करदाता ठरशील याचा, प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी कर सल्लागाराकडे जा, माझ्याकडे नको.

माझ्याकडे सध्या काय आहे, हेही तू विचारशील. मी मेलबर्नमध्येच म्हातारा होणार, भाजीपासून दवाखान्यापर्यंतचा खर्च येथल्याच डॉलरमध्ये करणार. म्हणून सुपरमधील परदेशी शेअर्सचा साधारण तिसरा हिस्सा मी हेज्ड ठेवला आहे, आणि निवृत्ती जवळ येईल तसा तो थोडा वाढवीन. ते माझ्यासाठी आहे. तू मात्र हे ऐंशी हजार सगळेच्या सगळे व्हीजीएसमध्ये घालावेस असे मला वाटते. एकदम धाडस होत नसेल तर चार हप्त्यांत घाल. डॉलर पंचाहत्तरला गेला की खात्यावरचा आकडा कमी दिसेल आणि तू मला फोन करून बोल लावशील, हे आताच गृहीत धरतो.

एक काम मात्र त्याआधी कर. तुझ्या सुपरच्या डीफॉल्ट, म्हणजे आपण काही न निवडल्यास आपोआप मिळणाऱ्या, पर्यायात परदेशी शेअर्सचा किती भाग हेज केलेला आहे, ते त्यांच्या माहितीपत्रकात शोध. अशा पर्यायांत काही भाग आधीच हेज केलेला असू शकतो. तसे असेल तर व्हीजीएडीची तुझी हौस तेथे फुकटातच भागली आहे. ते पान मला पाठव, म्हणजे दिवाळीच्या फोनवर आकडे घेऊन बोलू. वहिनींना नमस्कार सांग, आणि अण्णांना सातारला फोन करशील तेव्हा माझी आठवण दे.

तुझा,
अविनाश