लालबागचा मसाला बाजार रस्त्यालगतच हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गिरणगावातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाबद्दल आपल्या दैनिकात वरचेवर वाचायला मिळतं. घराचं क्षेत्रफळ, कॉर्पस (विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम), संक्रमण काळातलं भाडं यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. तळमजल्यावरच्या गाळ्यांचं काय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. लालबागमध्ये तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा.

आमच्या इमारतीच्या सभेत विकासकाच्या माणसांनी नकाशा दाखवला. खाली पार्किंग आणि लॉबी, गाळे पहिल्या मजल्यावर, आतल्या बाजूला. ‘आहे तेवढीच जागा मिळणार, एक फूटही कमी नाही,’ असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. तसं असेलही. पण मसाल्याचा धंदा नुसत्या चौरस फुटांवर चालत नाही.

ज्यांनी इथे कधी मसाला केला नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी मिरची घ्यायची. रंगाला बेडगी आणि काश्मिरी, तिखटाला संकेश्वरी. कुणाकडे कशाचं प्रमाण जास्त ते ज्याच्या त्याच्या घरावर. मग चार पावलांवरच्या दुकानात धणे, दगडफूल, नाकेश्वर, बाद्यान, शहाजिरं, जायपत्री, हळकुंडं. भाजून घ्यायची सोयही तिथेच जवळपास. तिथून डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर. लोखंडी मुसळं ओळीने उखळात आदळत असतात, कामगाराच्या नाकातोंडाला फडकं असतं आणि आपण शिंकत शिंकत तिथेच उभं राहायचं, कारण आपल्या मसाल्यात दुसऱ्याचा मिसळायला नको. चाळून उरलेली भरड पुन्हा उखळात जाते. मसाला गरम असताना डबा बंद करायचा नाही, हे नव्या सुनांना डंकवालाच बजावून सांगतो. मिरचीवाला, गरम मसालेवाला आणि डंक हातात हात घालून उभे आहेत म्हणून डोंबिवली-विरारला गेलेली आमची माणसं मार्च ते मे इकडे येतात. यातला एक जरी वरच्या मजल्यावर गेला, तर दहा-दहा किलोच्या पिशव्या घेऊन कोण जिने चढणार? आणि दिवसभर आदळणारा डंक जमिनीवरच हवा. वर नेला तर खालच्या-वरच्या सगळ्यांना हादरे बसणार.

हा बाजार गिरण्यांमुळे वाढला. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेले कामगार एकेका खोलीत दहा-पंधराजण राहत आणि खाणावळीत जेवत. खाणावळ चालवणाऱ्या बायकांना मसाला पोत्याने लागायचा. कुणाला मालवणी, कुणाला घाटी. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांतले एक. घरात पगार येणं थांबलं, तरी मिरचीवाल्याने वहीत लिहून घेतलं आणि सामान दिलं. ती उधारी फेडायला आईला पुढे कित्येक वर्षं लागली, पण दुकानदाराने कधी दारात येऊन तगादा लावला नाही. गिरण्या गेल्या, २०११मध्ये डोक्यावरून उड्डाणपूल गेला, तरीही हा बाजार आणि शेजारची चिवडा गल्ली टिकून आहे. दिवाळीच्या आधी त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.

बाजाराला जागा हवी म्हणून लालबागने पूर्वीही कष्ट घेतले आहेत. पेरू चाळीतला बाजार १९३२मध्ये बंद झाला तेव्हा कोळी आणि इतर विक्रेते उघड्यावर बसत होते. कायमच्या जागेसाठी त्यांनी नवस बोलला. जागा मिळाली आणि १९३४मध्ये लालबागच्या राजाची स्थापना झाली. नवसाला पावणारा म्हणून ज्याच्यापुढे आज मैलभर रांगा लागतात, त्याचा पहिला नवस बाजाराच्या गाळ्यांसाठी होता, हे पुनर्विकासाचे नकाशे काढणाऱ्यांना ठाऊक असायला हवं.

माझा पुनर्विकासाला विरोध नाही. आमच्या जिन्याच्या पायऱ्या निखळल्या आहेत, पावसाळ्यात छत गळतं. नवं घर आम्हालाही हवंच आहे. मागणी एवढीच की म्हाडा आणि महापालिकेने लालबागमधल्या प्रस्तावांना मंजुरी देताना मसाल्याच्या आणि चिवड्याच्या दुकानांना तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड असलेलेच गाळे द्यायला लावावेत. दर्शनी भागाची रुंदी करारात लिहावी. डंकासाठी वेगळा पाया आणि मिरचीची धूळ खेचून घेणारी यंत्रणा नकाशातच दाखवावी. बांधकाम चालू असताना पर्यायी गाळे याच विभागात मिळावेत, कारण दोन हंगाम दुकान बंद राहिलं की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं आणि भाजणारा, कुटणारा कामगार गावी निघून जातो.

पुढच्या सभेत मी हे मुद्दे लेखी देणार आहे. शेजारच्या इमारतींतल्या भाडेकरूंनीही संमतीपत्रावर सही करण्याआधी तळमजल्याचा नकाशा मागून घ्यावा, ही विनंती.

— गिरणी कामगाराची मुलगी, लालबाग, मुंबई