"पाणी मारू नका" म्हणणाऱ्या मिस्त्री काकांना

काका, नमस्कार.

नाव टाकू नको म्हणालात म्हणून टाकत नाही, पण अंबड लिंक रोडला तुमच्याकडे ज्यांनी कधी गाडी लावलीय ते दोन ओळीत ओळखतील. आभार मानायला समोर आलो होतो तेव्हा तुम्ही गाडीखाली होतात आणि "हां हां ठीके, तो १७ चा पाना दे" एवढंच बोललात, म्हणून आता लिहूनच टाकतो.

त्या रविवारी आम्ही सप्तशृंगी गडावरून उतरत होतो, चैत्राची यात्रा संपल्यावर गर्दी कमी असते म्हणून आईला घेऊन गेलो होतो, गाडीत सात माणसं, मागे डिकीत सामान, वर एप्रिलचं ऊन. नांदुरीच्या घाटात निम्म्यात आलो आणि ब्रेकचं पेडल एकदम पोकळ गेलं. म्हणजे पाय दाबतोय आणि खाली स्पंज ठेवलाय असं. दोन-तीनदा पटापट पंप केलं तेव्हा थोडं धरलं, मग पहिला गिअर टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढत कशीबशी डोंगराच्या बाजूला लावली. आई सगळा वेळ देवीचं नाव घेत होती आणि बायको काहीच बोलत नव्हती, जे जास्त भीतीदायक होतं.

डाव्या पुढच्या चाकातून धूर, जळका वास. जमलेल्यांपैकी एकजण पाण्याचा कॅन घेऊन चाकावर ओतणारच होता. माझ्या साडूने तुमचा नंबर दिला होता, लावला, रविवार दुपार, तुम्ही जेवत होतात बहुतेक. ओळख ना पाळख, आणि तुमचं पहिलं वाक्य, "पाणी मारू नका, तापलेली डिस्क, म्हणजे चाकामागची ब्रेकची लोखंडी थाळी, तडकेल नाहीतर वाकडी होईल." दुसरं वाक्य, "चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका, कुठलं जास्त भाजतंय सांगा." डाव्या पुढच्याजवळ हात ठेववत नव्हता, उजवं त्यामानाने बरंच थंड. तिथंच तुम्ही म्हणालात की एकच चाक पेटलंय म्हणजे नुसता घाट आणि वजन नाही, ते चाक ब्रेक सोडतच नाहीये.

तासाभराने पेडल परत कडक लागलं आणि मी म्हणालो आता आणतो हळूहळू. त्यावर जे ओरडलात त्याबद्दल खास आभार. "थंड झालं की कडक लागणारच, ब्रेक ऑइल उकळून वाफ झाली होती, वाफ दबते, ऑइल दबत नाही, म्हणून पेडल पोकळ. परत तापलं की परत तेच. घरच्यांना एसटीत बसवा, गाडी क्रेनवर घाला." घरचे एसटीने नाशिकला सीबीएस स्टँडवर उतरले, गाडी रात्री तुमच्या दारात.

आता आधीची गोष्ट इथं लिहितोच, कारण ती तुम्हाला सांगितली तेव्हा तुम्ही फक्त हसलात. चार महिन्यांपूर्वी ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायचं म्हणून मी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही. त्यांनी पुढचे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे) आणि दोन्ही डिस्क बदलल्या, १६ हजार घेतले, महिनाभर गाडी मख्खन. मग परत थरथर, तर म्हणे मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो) टाका. डिस्क कशामुळे खराब झाल्या हे ना त्यांनी शोधलं ना मी विचारलं, ताप उतरवला आणि रोग अंगात ठेवला.

तुम्ही पाना हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं गाडीभोवती फिरलात आणि मला विचारलंत, "डावं अलॉय चाक काळं का, उजवं का नाही?" रोज गाडी पुसतो मी! पॅडची पूड एकाच चाकावर साचत होती आणि मला ती रस्त्याची धूळ वाटत होती. (सिंहस्थासाठी अर्धं नाशिक खोदलंय, वाटणारच ना.)

मग इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा मारलं, दाबून धरलं आणि स्टार्टर मारला, पेडल थोडं खाली बसलं म्हणजे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर ठीक. चाक काढलं, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना बोटाने सरकवून बघितल्या, सरकत होत्या. पोरगा पेडल दाबून सोडायचा आणि तुम्ही चाक फिरवायचात, उजवं लगेच सुटायचं, डावं घट्ट. पाईपचा मागचा, मास्टर सिलेंडरकडचा लोखंडी जॉइंट ढिला केला तरी डावं घट्टच. मग कॅलिपरचं एअर काढायचं निपल उघडलं, चुळकन ऑइल उडालं आणि चाक मोकळं! म्हणजे प्रेशर मधल्या रबरी होज पाईपमध्ये अडकलेलं, आणि मास्टर सिलेंडर, ज्याच्यावर मी अजून पैसे घालणार होतो, तो बिचारा निर्दोष.

तो होज तुम्ही ब्लेडने उभा चिरून दाखवलात ते डोळ्यासमोरून जात नाही. बाहेरून चकाचक, आतला रबराचा थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं, परत यायला तेवढा जोर नाही, ती जीभ भोक बंद करायची. सव्वादोन टनाची गाडी सतत एका चाकाला ब्रेक लावून पळत होती आणि मी अॅव्हरेज पडतंय म्हणून पेट्रोलपंपवाल्याला शिव्या देत होतो.

आणि ऑइल. कोऱ्या चहासारखं. पाच वर्षांत एकदाही बदललेलं नाही हे मी जरा हळू आवाजात सांगितलं. तुम्ही म्हणालात ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, डॉट फोर प्रकारचं ऑइल नवीन असताना २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलं की १५५ लाच उकळायला लागतं, दोन वर्षांनी बदलायचंच. डब्यात उरलेलं नवीन ऑइल घरी नेऊ का विचारलं तर "उघडा डबा ठेवायचा नाही" म्हणून तोही दिला नाहीत. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरतो यावरूनही बोलणी खाल्ली, ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं हे आता बायकोही शेजारी बसून सांगते.

दोन्ही बाजूचे होज, नवीन ऑइल, चारही चाकांच्या ब्रेक पाईपमधली एअर काढणं, मजुरी, सगळं मिळून २,८५०. वर स्वतः त्र्यंबक रोडला चक्कर मारून आलात आणि बंदुकीसारखा थर्मामीटर दोन्ही डिस्कवर धरून दाखवलात, सहा डिग्रीचा फरक. ट्रायलचे पैसे विचारले तर पोराला म्हणालात, "साहेबांना चहा सांग."

शनिवारी चाकाचे नट परत टाइट करून घ्यायला बोलावलंय तुम्ही, येतो. आईने गडाचा प्रसाद आणि घरचा चिवडा बांधून ठेवलाय. आणि तो चिरलेला होज मला द्या, साडूला दाखवायचाय, त्याच्या गाडीचंही डावं चाक काळं आहे.

तुमचा,
काळ्या अलॉयवाला
पाथर्डी फाटा, नाशिक