‘ताकदीच्या सुई’ची दुसरी बाजूही छापा

मा. संपादक,
स. न.

मंगळवारच्या आरोग्य पुरवणीतला टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवरचा लेख काल दुपारी वाचला. थकवा, चिडचिड, पोट सुटणं, ‘इच्छा’ कमी होणं… मग रक्त तपासा आणि इंजेक्शन किंवा जेल सुरू करा, असा एकूण सूर. या लक्षणांत आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष बसतील. पाऊस लांबून पेरणी खोळंबली की उरलेलेही बसतात.

माझा मुलगा असाच बसला. संध्याकाळी पाचला, चहा-खारी खाऊन रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉनचा आकडा आला २६०, म्हणजे कमी. हे हार्मोन सकाळी भरात असतं, म्हणून रक्त सकाळी उपाशीपोटी द्यायचं, तेही वेगवेगळ्या दिवशी दोनदा, हे कुणी सांगितलंच नाही. लगेच सुई सुरू. गडी खूश, जिमला जायला लागला.

दोन वर्षं लेकरू नाही. बोट अर्थातच सुनेकडे. तिची सोनोग्राफी झाली, नळ्या तपासून झाल्या. तुळजापूरला मीच नेलं, ओटी भरली, नवस बोलले. टोमणे तिनं शेजारणींचे ऐकले तसे माझेही ऐकले, खोटं कशाला बोलू. मुलाला तपासायचं सुचलं ते थेट संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंना. शुक्राणू शून्य! बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम सोडायचं थांबवते आणि शुक्राणू बनणं बंद पडतं, हे बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणूनही हे आजमावून झालंय म्हणे. आणि आम्ही इकडे नवस बोलतोय!

सुई बंद केल्यावर आठव्या महिन्यात शुक्राणू दिसू लागले. सकाळचा आकडा ३९० आला, म्हणजे ठीक. आधी ९४ किलो वजन आणि रात्रीचं घोरणं बघायला हवं होतं, त्यानंही आकडा उतरतो, असं बाई म्हणाल्या.

वृषणांत किंवा पिट्युटरीत खरोखर बिघाड असेल त्यांनी हे औषध जरूर घ्यावं, अधूनमधून रक्त दाट होतंय का तेही बघावं. पण पाऊण पानाच्या लेखात ‘मूल हवं असेल तर ही सुई नको’ एवढं वाक्य मावलं नाही? त्याच पानाच्या तळाशी ‘सात दिवसांत घोड्याची ताकद’वाली जाहिरात मात्र चार कॉलम ऐसपैस मावली.

पत्र छापलंत तर नाव देऊ नका, मुलाला आवडणार नाही. सुनेनं ओळखलं तर हरकत नाही.

– एक सासू, सेलू (जि. परभणी)