वरून मीठ घेत नाहीस, तरीही

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट पाहिला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलंय, वरचं बीपी १३८. डॉक्टरांनी लगेच गोळी न देता आधी जेवण सांभाळायला सांगितलं, हे बरं झालं. पण "मी वरून मीठ घेतच नाही" म्हणालास, म्हणून मुद्दाम लिहितेय.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात आमटी, भाजी, कणीक सगळं आलं. आता तुझ्या नूडल्सचं पाकीट उलटं करून बघ. तिथे मीठ नाही, सोडियम लिहिलेलं असतं, मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुण. ८०० असेल तर २ ग्रॅम मीठ पोटात गेलं. आकडा १०० ग्रॅमचा आहे की अख्ख्या पाकिटाचा, तेही बघ. पापडात तर मीठ असतंच, शिवाय पापडखारातही सोडियम. सैंधव चालतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, तेही मीठच. मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं प्रमाण वाढतं आणि दाब चढतो. आपल्या घरात बीपी आजोबांपासून आहे रे, म्हणून जीव लागून राहतो.

दुसरं, संध्याकाळची खारी आणि फरसाण. त्यात बहुतेक वेळा पामतेल किंवा वनस्पती तूप असतं, आणि पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड. तिच्यामुळे यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं. "ट्रान्स फॅट नाही" वाचून निर्धास्त होऊ नकोस, संपृक्त चरबीचा आकडा वेगळा छापलेला असतो. २००० कॅलरी खाणाऱ्याने तो दिवसाला साधारण २२ ग्रॅमच्या आत ठेवायचा. मोठा चमचाभर तुपातच ८ ग्रॅम होतात. तूप सोड असं मी म्हणणार नाही. वरणभातावर छोटा अर्धा चमचा राहू दे, पोळीला मात्र नको.

स्वयंपाकाच्या मावशींना सांग, मीठ एकदम तोडू नका, थोडं थोडं कमी करा. काही आठवड्यांत जीभ रुळते. आमटीला चिंच आणि लसणाची चरचरीत फोडणी असली की मीठ कमी आहे हे कळतही नाही. कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घालायचं. पाणी सुटत नाही आणि चिमूटभरात चव येते.

घाण्यावरचं करडईचं तेल पाठवतेय, फोडणीला तेच वापरा, पण बेतानं. या खेपेला लोणचं पाठवत नाही, रागावू नकोस. लसणाची चटणी केलीय, मीठ अगदी नावाला. बीपी दर रविवारी मोज आणि आकडा मला कळव, चांगला असो वा नसो.

तुझी,
आई