पंपावर नको, एकरावर मजुरी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तणनाशकामुळे भांगलणीचा (खुरपणीचा) खर्च किती वाचतो, हे आपल्या शेतीच्या पानावर वाचलं. खोटं काही नाही त्यात. भांगलणीला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मालकाला परवडत नाहीत. पण ज्याच्या पाठीवर पंप असतो, त्याचं म्हणणं त्या लेखात कुठे दिसलं नाही, म्हणून हे पत्र.

मी तासगाव तालुक्यात मजुरीनं औषध मारतो. वय ४३, शिक्षण दहावी. घरची जमीन १७ गुंठे, तिच्यावर पोट भरत नाही. १४ वर्षं झाली, लोकांच्या रानात फवारतोय. द्राक्षाच्या बागेतही मारतो आणि उसातही. आमच्याकडे पूर्वी बागांच्या मध्ये ज्वारी नाहीतर हरभरा असायचा. ताकारी-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आलं आणि ऊस थेट बागेच्या बांधाला येऊन टेकला. वाईट झालं असं मी म्हणणार नाही, त्या उसानं माझ्याही घरावर पत्रा आला. पण ऊस पडला गवताच्या जातीचा आणि द्राक्ष रुंद पानाचं. उसातली रुंद पानाची तणं मारायला जे टू फोर डी नावाचं तणनाशक आपण वापरतो, त्याला केना, गाजरगवत, चांदवेल आणि द्राक्षाचा वेल यांतला फरक कळत नाही. उसाला ते चालतं, शेजारच्या वेलाला चालत नाही.

माझ्या हातून जे झालं ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी नुकतीच झाली होती. एका मालकाची उसाची पूर्वहंगामी लागण दीड एकर, तण तीन-चार पानांवर आलेलं. पश्चिमेला बांधाला बांध लावून दुसऱ्या एकाची बाग. त्या बागमालकांना गावात सगळे आबा म्हणतात. आबांची फळछाटणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला झालेली, म्हणजे बाग नेमकी फुलोऱ्यात. त्या दिवसांत आमच्याकडे वारं पूर्वेकडून येतं. मी मालकाला म्हटलं, "उद्या सकाळी बघू." मालक म्हणाले, "उद्या पाण्याची पाळी आहे, आजच उरक." दुपारी बारा वाजता मी पंप उचलला. मला नको म्हणता आलं असतं, पण मी म्हटलं नाही.

पाच-सहा दिवसांनी आबांच्या बागेत शेंड्याकडची पानं पंख्यासारखी आवळली. कडेचे दाते टोकदार झाले, शिरा एकमेकींना चिकटून सरळ धावायला लागल्या. शेंडे वळले. आबांना आधी वाटलं झिंक कमी पडलं, म्हणून त्यांनी सूक्ष्म अन्नद्रव्याचे दोन फवारे घेतले. मग कुणी म्हणालं, व्हायरस आहे. मी बांधावरनं बघितलं आणि मला कळलं. बांधाकडच्या पाच-सहा ओळींत फूल गळून घड नुसते सांगाड्यासारखे राहिले होते. आत जाल तसं कमी होत गेलेलं. रोग असा बांधाकडनं मोजून-मापून येत नाही.

मी आबांना जाऊन सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "आदल्या दिवशी सांगितलं असतंस तर?" मी सांगितलं असतं तरी वारं थांबलं नसतं, हे मलाही कळतं. पण आठ दिवस थांबा, नाहीतर माझ्या बांधाकडच्या सऱ्या भांगलून घ्या, मी मजुरी देतो, एवढं तरी त्यांना म्हणता आलं असतं.

त्यानंतर मी बाटल्या वाचायला लागलो. माहितीपत्रकावरचा टाइप मुंगीच्या पायाएवढा असतो, मुलाच्या मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचतो. तेव्हा कळलं की टू फोर डी हे एकच औषध नाही. सोडियम सॉल्ट येतं ८० टक्क्यांची पावडर. अमाईन सॉल्ट येतं ५८ टक्के एसएल, ते पाण्यात टाकलं की विरघळून जातं. आणि इथाईल ईस्टर येतं ३८ टक्के ईसी, ते पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं. त्या दिवशी माझ्या बादलीत दूध झालं होतं. ईस्टरची गंमत अशी की ते पानावर पडल्यावरही उन्हात त्याची वाफ होते. म्हणजे फवारताना वारं नसलं तरी दुपारी ती वाफ उठून बागेत जाते. द्राक्षाच्या, टोमॅटोच्या, मिरचीच्या, कापसाच्या जवळपास ईस्टर आणूच नये. दुकानात मालक नुसतं "टू फोर डी द्या" म्हणतो, दुकानदार हाताला येईल ते देतो. आता कुणीही मला ईस्टरची बाटली दिली तर मी ती परत करायला लावतो. त्यावरनं दोन कामं गेली आहेत.

आता मजुरीचं. खरं दुखणं तिथं आहे आणि त्यावर कुणी लिहीत नाही.

आम्हाला पैसे पंपावर मिळतात. १६ लिटरच्या एका पंपाला आमच्याकडे ६०-७० रुपये. या औषधाला एकरी २०० लिटर पाणी धरलं, तर बारा-तेरा पंप होतात. मालक म्हणतो, "आठ पंपांत बसव." त्याचे तीनशे रुपये वाचतात. औषध तेवढंच, पाणी कमी. आता आठ पंपांत अख्खा एकर ओला करायचा तर थेंब बारीक पाडावा लागतो. मग आम्ही बागेला वापरतो तोच बारीक धुक्याचा नोझल लावतो, प्रेशर वाढवतो, नळी कमरेच्या वर धरतो आणि झपाझप चालतो. हा बारीक थेंब जमिनीवर पडतच नाही, हवेत तरंगत राहतो आणि वारं नेईल तिकडे जातो. शेजारची बाग जळाली की गाव म्हणतं, पंपवाल्यानं नीट मारलं नाही. पंपवाल्यानं मालकानं सांगितलं तसंच मारलेलं असतं.

तणनाशकाला वेगळा नोझल लागतो, पंख्यासारखा सपाट फवारा पाडणारा. दुकानदार त्याला फ्लॅट फॅन म्हणतात. थेंब जाड पडतो, प्रेशर कमी लागतं, वर प्लॅस्टिकची टोपी बसवता येते. मी तो स्वतःच्या पैशानं घेतला, फार महाग नाही. पण त्यानं पाणी जास्त लागतं, म्हणजे पंप जास्त होतात, आणि मालकाला वाटतं मी पंप वाढवून पैसे काढतोय. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. तणनाशकाची मजुरी एकरावर ठरवा. मग पाणी कमी करण्यात मालकाचा फायदा राहत नाही आणि पंप वाढवण्यात माझा.

(ड्रोनवाले आता एकरी दहा लिटर पाण्यात मारतात आणि तेही डोक्याच्या वरून. बागेजवळच्या उसात ड्रोननं तणनाशक मारायचं म्हणत असाल, तर माझ्या आठ पंपांचं काय घेऊन बसलात!)

वाऱ्याबद्दल माझाही एक गैरसमज होता. हिवाळ्यात पहाटे पान हलत नाही, तेव्हा मारावं, असं मला वाटायचं. एकदा पहाटे शेजारी पाचट पेटवलेलं होतं. धूर वर न जाता चादरीसारखा जमिनीला धरून पसरला आणि पार ओढ्यापर्यंत गेला. तेव्हा उजेड पडला. गार हवा खाली बसलेली असली की बारीक थेंबसुद्धा त्या धुरासारखेच खालच्या खाली सरकत दूर जातात. आता मी खिशात उदबत्ती ठेवतो. धूर वर जायला लागत नाही, तोवर थांबतो. दव सुकलं, ऊन थोडं वर आलं, मंद वारं बागेपासून लांब जाणारं असलं की सुरू करतो आणि उन्हाचा चटका वाढायच्या आत बंद करतो. वारं बागेकडं वळलं तर पंप खाली ठेवतो. बांधाकडच्या चार-पाच सऱ्यांना मी आता औषध मारतच नाही, त्या भांगलून घ्या म्हणून सांगतो. विहिरीच्या आणि ओढ्याच्या कडेलाही तेच.

पाण्याचं आणखी सांगायचं तर लाज वाटते. आम्ही पंप धुतो कुठं? जिथं पाणी दिसेल तिथं. ओढ्यात, पाटात, विहिरीच्या धक्क्यावर. त्याच ओढ्यावर दुपारी जनावरं पाण्याला येतात. एचटीपीच्या (यंत्रावरच्या मोठ्या फवारणी पंपाच्या) बॅरलमध्ये विहिरीवरच्या मोटारीची पाइप पार तळापर्यंत सोडून ठेवलेली असते. लाइट गेली आणि फूट व्हॉल्व्ह गळका असला की बॅरलमधलं औषधाचं पाणी उलटं विहिरीत ओढलं जातं. पाइपचं तोंड पाण्याच्या वीतभर वर बांधलं की हे होत नाही, एक सुतळी लागते त्याला. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं आणि त्याच रानात मारायचं. बाटलीला भोक पाडायचं, नाहीतर त्यातनं कुणीतरी डिझेल आणतं किंवा त्याहून वाईट, पाणी. कीटकनाशक नियम १९७१ मध्ये हे लिहिलेलं आहे: वापरलेली भांडी आणि धुतलेलं पाणी अशा तऱ्हेनं टाकायचं की पर्यावरण आणि पाणी दूषित होणार नाही, भांडी फोडून वस्तीपासून लांब पुरायची. जबाबदारी कंपन्यांची आहे तशी फवारणाऱ्याचीही आहे. म्हणजे माझीही. हे मला १४ वर्षांत एकाही दुकानदारानं सांगितलं नाही.

पंपाचं तर विचारू नका. ईस्टर प्लॅस्टिकात आणि रबरी नळीत धरून राहतं. साध्या पाण्यानं धुऊन त्याच पंपानं दुसऱ्या दिवशी मिरचीच्या रोपांवर बुरशीनाशक मारलं आणि वाफे वाकडे झाले, हे मी माझ्या मेव्हण्याच्या रानात स्वतः केलंय. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं रात्रभर भरून ठेवून धुतलं तर बरंचसं निघतं, पण बागेत तो पंप मी तरीही नेणार नाही. माझ्याकडं आता दोन पंप आहेत. तणनाशकाच्या पंपाला लाल रंग दिलाय आणि बायकोला सांगून ठेवलंय की लाल पंप कुणी मागायला आलं तर द्यायचा नाही.

ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाचीही तीच तऱ्हा. ते चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा यांसाठी मंजूर आहे. आमच्या तालुक्यात चहाची टपरी आहे, मळा नाही. तरी उसाच्या सरीत आणि बांधावर ते सर्रास जातं. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं अधिसूचना काढली की ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच मारायचं. असा ऑपरेटर मी आमच्या गावात अजून पाहिलेला नाही. मालक मला म्हणतो, "तूच की आमचा ऑपरेटर." मला ना परवाना, ना प्रशिक्षण. २०१७ साली यवतमाळला फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा आमच्याकडे आठ दिवस सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधले होते.

माझी दुसरी मागणी साखर कारखान्यांकडे आणि कृषी खात्याकडे आहे. कुणाच्या कुठल्या गटात कधी लागण झाली, याची तारखेसह नोंद कारखान्याच्या चिटबॉयकडे, म्हणजे गावात उसाची नोंद ठेवणाऱ्या माणसाकडे असते. निर्यातीच्या बागांची नोंद कृषी खात्याकडे दरवर्षी ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीवर होते. दोन्ही वह्या एकाच गावातल्या रानांच्या आहेत, पण एकमेकींना कधी भेटत नाहीत. त्या शेजारी ठेवल्या तर कुठला ऊस कुठल्या बागेच्या बांधाला आहे, आणि कुठल्या आठवड्यात बाग फुलोऱ्यात असताना उसात औषध पडणार आहे, हे आधीच कळेल. नवीन योजना नको, ॲप नको. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर गट नंबर लिहिले आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकला तरी पुरे. ज्यांच्या बागा निर्यातीच्या नाहीत आणि ज्यांची टोमॅटो-मिरची आहे, त्यांनी स्वतः येऊन आपला गट लिहून जावा.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. औषध मारायच्या आदल्या दिवशी चारी बांधांच्या मालकांना फोन करतो. कुणी शिव्या घालतं, कुणी म्हणतं, मला कशाला सांगतोस. आबा मात्र आता छाटणीची तारीख ठरली की मला आधी कळवतात. यंदा त्यांची छाटणी ८ ऑक्टोबरला झाली. शेजारच्या उसात या वेळी मी भांगलण करून घ्यायला लावली आहे, निम्मी मजुरी आबांनी दिली.

चिटबॉयला मी गेल्या आठवड्यात विचारलं, नोंदवहीतले बागेच्या बांधाचे गट नंबर लिहून देशील का. तो म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

आपला,
एक फवारणी मजूर, तासगाव तालुका, जि. सांगली
(नाव छापू नये, कामं जातात.)