चीनविषयी मते भरपूर, पुस्तके कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात पदव्युत्तर अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले की, चीनमध्ये १९७८ नंतर झालेल्या आर्थिक सुधारणांवर मराठीत, तळटिपा आणि संदर्भ देऊन लिहिलेले एखादे पुस्तक सुचवाल का. तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवूनही मला चटकन एकही नाव सांगता आले नाही, म्हणून तिला घेऊन मी शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात गेलो. तिथल्या कर्मचाऱ्याने आपुलकीने कपाट उघडून दिले. चीनच्या वाट्याला एक फळी होती आणि तीही पुरती भरलेली नव्हती. १९६२च्या युद्धावरची पुस्तके, सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची चरित्रे, दोन-तीन प्रवासवर्णने आणि मुखपृष्ठावर ‘ड्रॅगन’ हा शब्द मिरवणारी काही पुस्तके, एवढाच तो संसार होता. (मुखपृष्ठावर ड्रॅगन दिसला की आत तळटिपा नसतात, असा माझा अनुभव आहे.) कोपऱ्यात एक जाडजूड इंग्रजी इतिहासग्रंथ होता. त्याच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या देवघेवीच्या चिठ्ठीवर एकच शिक्का होता, १९९४ सालचा.

नागपूरकराला चीन परका नाही. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू ह्युएन त्संग इथल्या बौद्ध वाचकाला चांगला ठाऊक असतो. पण त्या भिक्खूला निरोप दिला की आपण एकदम १९६२मध्येच उतरतो, आणि मधली तेरा शतके कोरी राहतात. त्या कोऱ्या जागेत आपलाही इतिहास आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि त्या व्यापारावर मुंबईतली अनेक घराणी उभी राहिली. १८३९ ते १८४२चे पहिले अफूयुद्ध ज्या मालावरून पेटले, त्यातला बराचसा माल हिंदुस्थानातला होता. ज्या जमशेटजी टाटांनी १८७७मध्ये आपल्या शहरात एम्प्रेस मिल सुरू केली, ते १८५९मध्ये व्यापारासाठी हाँगकाँगला गेले होते. मुंबईच्या गिरण्यांचे सूत कित्येक वर्षे चीनच्या बाजारात खपत होते. हे सगळे विद्वानांच्या ग्रंथांत तपशिलाने नोंदलेले आहे, पण आपल्या वाचकापर्यंत मात्र आलेले नाही.

अभ्यासपूर्ण पुस्तकच कशाला हवे, वर्तमानपत्रातले लेख आणि यूट्यूबवरची व्याख्याने पुरत नाहीत का, असे कुणी विचारेल. त्याचे उत्तर मी एका गावाच्या गोष्टीने देतो. आन्हुइ प्रांतातल्या श्याओगांग या खेड्यातल्या अठरा शेतकऱ्यांनी डिसेंबर १९७८मध्ये गुपचूप एका कागदावर सह्या-अंगठे केले, सामूहिक जमीन कुटुंबांत वाटून घेतली आणि पीक दणदणीत आले. ही गोष्ट आपल्याकडे भाषणांतून पुष्कळदा ऐकू येते, आणि तिचे तात्पर्यही ठरलेले असते : सरकार बाजूला झाले की शेती फुलते. गोष्ट खरीच आहे, पण चीनच्या अर्थव्यवस्थेवरचा बॅरी नॉटन यांच्यासारख्या अभ्यासकाचा ग्रंथ हाती घेतला की तिच्या आजूबाजूचा प्रदेश दिसू लागतो. १९७९मध्ये सरकारने धान्याच्या ठरलेल्या कोट्याचा खरेदीभाव वीस टक्क्यांनी वाढवला आणि कोटा भरून वर विकलेल्या धान्याला त्याहून पन्नास टक्के जादा भाव दिला. खताचे मोठे कारखाने परदेशांतून आणण्याचे करार १९७३च्या सुमारासच झाले होते. संकरित भाताचे बियाणे तयार होते, आणि कालवे-पाटांची पुष्कळशी कामे कम्यूनच्या, म्हणजे सामूहिक शेतीच्या, काळातच झाली होती. जस्टिन लिन या अर्थतज्ज्ञाने १९९२मध्ये हिशेब मांडला, तेव्हा १९७८ ते १९८४ या काळातल्या पीकवाढीतला साधारण निम्मा वाटा कुटुंबनिहाय शेतीच्या पदरात पडला. उरलेला निम्मा भाव, खत आणि इतर कारणांचा. ज्या विदर्भाने १९७२पासून कापसाची एकाधिकार खरेदी अनुभवली आणि आजही जो हमीभावाच्या आकड्याकडे डोळे लावून बसतो, त्या विदर्भातल्या वाचकाला हा ‘उरलेला निम्मा’ किती जवळचा वाटेल, हे मी वेगळे सांगायला नको. भाषणात मात्र तोच गळतो.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. शेतीचे सामूहिकीकरण आणि उद्योगवाढ झपाट्याने साधण्यासाठी माओंनी १९५८मध्ये सुरू केलेल्या ‘मोठी झेप’ या मोहिमेनंतरच्या दुष्काळात किती माणसे दगावली? मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात एकच आकडा असतो, आणि तो पाठवणाऱ्याच्या राजकारणाप्रमाणे फुगतो किंवा आटतो. अभ्यासकांमध्येही एकवाक्यता नाही. ज्यांचे वडील त्याच दुष्काळात उपासमारीने गेले, ते पत्रकार यांग जिशेंग ३ कोटी ६० लाखांचा अंदाज देतात, फ्रँक डिकोटर हे इतिहासकार किमान साडेचार कोटी म्हणतात, आणि याहून बरेच कमी अंदाज मांडणारे लोकसंख्याशास्त्रज्ञही आहेत. फरक इतका मोठा का, हे मात्र ग्रंथच सांगतो. दुष्काळ नसता तर किती मृत्यू झाले असते हे कसे धरायचे, १९५३, १९६४ आणि १९८२च्या जनगणनांचा मेळ कसा घालायचा, स्थानिक दप्तरांवर कितपत विसंबायचे, या प्रत्येक पायरीवर आकडा बदलतो. वाचकाला ही पायरी-पायरी दिसली की त्याचा त्या आकड्याशी असलेला संबंधच बदलतो. तो मग आकडा फेकून मारत नाही.

आपल्या नागपूर मेट्रोचेच घ्या. सीताबर्डीहून खापरीकडे जाताना आपण ज्या डब्यांत बसतो, ते चीनमधल्या दालियन शहरातल्या कारखान्यात तयार झाले. तो कारखाना १८९९मध्ये रशियनांनी आपल्या रेल्वेसाठी काढला, १९०५मध्ये युद्ध जिंकून जपान्यांनी ते शहर घेतले, १९४५मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, आणि त्यानंतर तो चिनी सरकारचा झाला. दालियन ज्या ईशान्य चीनमध्ये येते, तिथल्या औद्योगिक पट्ट्याला १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वांत मोठा तडाखा बसला. सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी कामगार तेव्हा देशभर घरी बसवले गेले. एम्प्रेस मिलचा भोंगा थांबलेला ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना त्या कामगारांच्या वसाहतींवर झालेले समाजशास्त्रीय अभ्यास वाचताना परके काहीच वाटणार नाही. डब्यांवर बहिष्कार घाला म्हणणारे आणि डब्यांचे गोडवे गाणारे, दोघेही या शहरात आहेत. डबा आला कुठून, हे विचारणारे कमी.

संस्कृतीच्या बाबतीतली स्थिती तर आणखी दरिद्री आहे. लू शुन या लेखकाने १९१८मध्ये बोलभाषेत कथा लिहून ग्रांथिक चिनीला धक्का दिला, आणि पुढच्याच वर्षी ४ मे रोजी विद्यार्थी पेइचिंगच्या (बीजिंगच्या) रस्त्यावर उतरले, तेव्हा त्या चळवळीने बोलभाषेचा आग्रह आणखी पुढे नेला. प्रमाणभाषा आणि बोली यांवर सतत भांडणाऱ्या मराठी साहित्यविश्वाला हा सगळा वाद आपलाच वाटावा.

मराठीत असे ग्रंथ आणायचे तर चिनी नावांचा प्रश्न पहिल्याच पानावर उभा राहतो, आणि इथे आपण विनाकारण इंग्रजीच्या मागे फरपटत जातो. चिनी भाषेत ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’ हा भेद महत्त्वाचा आहे. रोमन लिपीला तो बी-पी, डी-टी अशी उसनवारी करून दाखवावा लागतो, देवनागरीत मात्र तो आयता आहे. शिवाय मराठीत ‘चाक’ मधला ‘च’ वेगळा आणि ‘चिमणी’ मधला वेगळा, आणि नेमके हे दोन्ही ‘च’ चिनीत आहेत. माओ त्से तुंग या नावातला मधला वर्ण ‘चाक’ मधल्या ‘च’ने लिहिला तर तो इंग्रजी वाचकापेक्षा मराठी वाचकाच्या तोंडी अधिक अचूक येईल. (या पत्रात मी वृत्तपत्री रूढीच बहुतेक ठिकाणी पाळली आहे, कारण नियम एकट्याने करायचा नसतो.) महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने किंवा विश्वकोशाच्या संपादकांनी चिनी जाणणाऱ्यांना बोलावून चार पानांची लिप्यंतराची सूची केली, तर पुढच्या प्रत्येक अनुवादकाचे निम्मे कष्ट वाचतील.

ग्रंथालयांकडे पैसा नाही हे मला माहीत आहे. अनुदानात पगारच जेमतेम भागतो, आणि उरलेल्यात स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शके घेतली नाहीत तर अभ्यासिकेतली मुले रागावतात. तरीही नागपुरातल्या मोठ्या ग्रंथालयांनी आपसांत ठरवून दहा-बारा ग्रंथ वाटून घेतले, एकाने इतिहास, दुसऱ्याने शेती-उद्योग, तिसऱ्याने साहित्य असे, तर कुणा एकावर फार भार पडणार नाही. सुरुवात म्हणून नॉटन यांचा ग्रंथ आणि जोनाथन स्पेन्स यांचा १९९०चा आधुनिक चीनचा इतिहास या माझ्याकडच्या दोन प्रती मी त्या जुन्या ग्रंथालयाला द्यायला तयार आहे. त्यांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या चालवून घ्याव्यात. अट एकच : त्या स्पर्धा परीक्षेच्या कपाटात ठेवू नयेत, आणि ती विद्यार्थिनी पुढच्या सोमवारी येईल तेव्हा तिला पहिल्यांदा द्याव्यात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक,
धरमपेठ, नागपूर